वाचकांचे प्रश्न : ड्रॅगनची शेपटी दिसली की थांबा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा दिसला: भल्या ड्रॅगनच्या चित्रमय गोष्टी लहान मुलांना मोठ्यानं वाचून दाखवणं. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांची मुळं त्यातच आहेत.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. पुस्तकातला ड्रॅगन स्वभावानं गरीब, मुलांना पाठीवर बसवून फिरवणारा. पण दुसऱ्याच पानावर त्याचा पानभर डोळा आला की ती पुस्तक मिटायला लावते. “अगं, तो चांगला आहे” असं किती वेळा सांगितलं. रात्री झोपताना वाचतो. पुस्तक बाजूला ठेवून देऊ का?
– एक आई, भुसावळ

ताई, पुस्तक ठेवू नका, वाचायची वेळ आणि रीत बदला.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी जे दिसतं ते खरं. “तो खोटा आहे” किंवा “तो चांगला आहे” हे समजावणं सात-आठ वर्षांच्या मुलाला उपयोगी पडतं, चार वर्षांच्या मुलीला फारसं नाही. तिच्यासमोर डोळा आहे आणि डोळ्यामागे काय आहे ते तिला दिसत नाही. चित्रकारानं ते मुद्दाम केलेलं असतं. अशा पुस्तकांत ड्रॅगन सुरुवातीला तुकड्यातुकड्यानं येतो: एक डोळा, मग पंजा, मग डोंगरामागून धूर. अख्खा ड्रॅगन बराच पुढे दिसतो. मोठ्यांना त्यात गंमत वाटते कारण त्यांना पुढचं ठाऊक असतं. तुमची मुलगी मात्र डोळ्यापाशीच अडकली आहे.

म्हणून आधी दिवसाउजेडी, तिला मांडीवर घेऊन, पुस्तक शेवटून उघडा. ड्रॅगन आणि मुलं एकत्र असलेलं शेवटचं चित्र दाखवा. गोष्ट फुटेल याची काळजी करू नका. या वयात शेवट माहीत असला की गोष्ट जास्त आवडते. मग पहिल्या पानावर या आणि मजकूर न वाचता फक्त चित्रं बघा. पान उलटायचं काम तिच्याकडे द्या. नको वाटलं की ती मिटू शकते, हे हातात असलं की मूल धीट होतं.

आता तिला ड्रॅगन नीट बघू द्या. भला ड्रॅगन काढताना चित्रकार काही गोष्टी हमखास करतात. पोट गोल असतं, नाक बोथट असतं, नखं आखूड किंवा आत वळलेली असतात. डोळ्यातली बाहुली गोल असते, मांजरासारखी उभी चीर नसते. भुवया वर गेलेल्या असतात. आणि शेपटी! तोंड अजून भीतीदायक असतं तेव्हाही बऱ्याच चित्रांत शेपटी आधीच सांगून टाकते: कुठे ती अंग चोरून पायाभोवती गुंडाळलेली असते, कुठे टोक हललेलं दाखवायला दोन बारीक रेघा असतात. तिथे थांबा आणि एवढंच विचारा, “शेपटी काय करतेय गं?” उत्तर तिचं तिला सापडू द्या. तुम्ही दहा वेळा सांगितलेल्या “चांगला आहे”पेक्षा तिनं एकदा शोधलेली शेपटी भारी पडते.

मजकूर दुसऱ्या दिवशी वाचा. वाचताना स्वतःच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. भीतीचं पान आलं की मोठी माणसं नकळत आवाज खाली आणतात, वेग कमी करतात, डोळे मोठे करतात. मूल आधी आईचा चेहरा वाचतं, मग चित्र. त्या पानावर आवाज आणि वेग आधीच्या पानासारखाच ठेवा. “आणि तेवढ्यात…” असं वाक्य अर्धं सोडून पान संपत असेल, तर धीट मुलांसाठी तिथे दोन श्वास थांबावं. तुमच्या मुलीसाठी थांबू नका, वाक्य म्हणता म्हणताच पान उलटा.

आणि झोपताना हे पुस्तक शेवटचं नको. त्यानंतर ओळखीची, शांत अशी एखादी गोष्ट ठेवा. दोन-तीन वेळा असं करूनही ती नाही म्हणाली, तर पुस्तक तिच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा आणि विषय काढू नका. सहा महिन्यांत मूल बरंच बदलतं.

अंगणवाडीत पंचवीस मुलं आणि पुस्तक एकच. मागच्यांना दिसत नाही, ती उठून पुढे येतात आणि सगळा गोंधळ होतो. बरीच मुलं घरी पावरी बोलतात, पुस्तक मराठीत आहे.
– अंगणवाडी सेविका, धडगाव तालुका

सेविकाताई, पंचवीसांना एकदम वाचू नका. साधारण वीत-सव्वा वीत उंचीच्या पुस्तकातली बारीक चित्रं दोन मीटरच्या पलीकडून कळत नाहीत. तेवढ्या अंतरात अर्धगोलात दोन रांगा करून बारा-तेरा मुलं बसतात. म्हणून दोन गट करा. एक गट मदतनीस ताईंकडे चित्रं काढत बसेल, दुसरा तुमच्याकडे, आणि मग अदलाबदल. दोनदा वाचावं लागेल, पण गोंधळ आवरण्यात याहून जास्त वेळ जातो.

तुम्ही मुलांपेक्षा वीतभरच उंच बसा, पाटावर किंवा छोट्या स्टुलावर. खुर्चीवर बसलात तर पुढच्यांच्या माना दुखतात. पुस्तक छातीशी न धरता खांद्याच्या बाजूला, उघडी पानं मुलांकडे करून, खालून मधोमध एका हातानं धरा. दुसरा हात पान उलटायला मोकळा राहतो. अंगठा पानावर येतो आणि नेमका ड्रॅगनचा पाय झाकतो, तेवढं सांभाळा. चकचकीत कागदावर उजेडाची तिरीप पडली तर एका बाजूच्या मुलांना पांढरं पानच दिसतं. दार किंवा खिडकी मुलांच्या पाठीमागे येईल असं बसा आणि पुस्तकाची वरची कड किंचित पुढे झुकवा. वाचून झालेलं पान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवून दाखवा, आणि फिरवताना बोलू नका. मुलांना एका वेळी एकच करता येतं, बघणं किंवा ऐकणं.

पुस्तक बाजूला धरल्यावर मजकूर तिरका दिसतो. त्यामुळे गोष्ट आदल्या दिवशी दोनदा मोठ्यानं वाचून ठेवा. चित्रपुस्तक बहुतेक वेळा बत्तीस पानांचं असतं आणि पानावर दोन-चारच ओळी असतात. दोन वाचनांत त्या तोंडात बसतात.

पावरीचं म्हणाल तर पुस्तक उघडण्याआधी चित्रांवरून पाच मिनिटं पावरीत गप्पा मारा. डोंगर, धूर, पंख, अंडं, गुहा हे शब्द मुलांकडून त्यांच्या बोलीत काढून घ्या. तुम्हाला पावरी येत नसेल तर मदतनीस ताई किंवा एखादी आई हे काम उत्तम करेल. त्यानंतर मराठी मजकूर सलग वाचा. दर ओळीला भाषांतर करू नका, गोष्टीचा ताल तुटतो आणि मुलं भाषांतराचीच वाट बघत बसतात. सातपुड्यातल्या मुलांना डोंगर, गुहा आणि रानातला धूर कसा असतो ते समजवावं लागत नाही. तेवढी ती शहरातल्या मुलांच्या पुढेच आहेत.

नातू पुण्याहून सुट्टीत येतो. रात्री गच्चीवर खाटेवर पडून गोष्ट वाचतो. ड्रॅगनचा आवाज काढून माझा घसा बसतो. आणि ड्रॅगनला अहिराणी बोलायला लावलं तर चालेल का? सूनबाई म्हणते, पुस्तकात आहे तसंच वाचा.
– एक आजोबा, पारोळा

आजोबा, घसा बसतो तो खरवडून गुरगुरल्यामुळे. मोठा प्राणी म्हणजे घोगरा आवाज, हे गरजेचं नाही. मोठा प्राणी हळू बोलतो. ड्रॅगनची वाक्यं तुमच्या नेहमीच्या आवाजात, पोटात श्वास भरून, निम्म्या वेगानं म्हणा आणि प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास थांबा. मुलांची वाक्यं भरभर म्हणा. वेगानं पात्रं वेगळी केली की आवाज ताणावा लागत नाही आणि आठव्या पानावर कोण बोलतंय याचा घोळही होत नाही. गुरगुरणं किंवा फुत्कार हवाच असेल तर तो नातवाकडे द्या. त्याला आनंद आणि तुमच्या घशाला आराम.

अहिराणीबद्दल सूनबाईंचं निम्मं बरोबर आहे. निवेदन पुस्तकात आहे तसंच वाचा. छापील मराठीची लांब, घडीव वाक्यं रोजच्या बोलण्यात कानावर पडत नाहीत, ती याच वाटेनं मुलाला मिळतात. पण ड्रॅगनचे संवाद अहिराणीत खुशाल घ्या. “मला भूक लागली आहे” असं म्हणणारा ड्रॅगन परका वाटतो, “माले भूक लागनी” म्हणणारा लगेच घरचा होतो. तुमचं गाव रावेर-यावलकडचं असतं तर तोच ड्रॅगन लेवा बोलीत “मले भूक लागली” म्हणाला असता. एक पथ्य पाळा: एकदा ड्रॅगन अहिराणी बोलू लागला की शेवटपर्यंत, आणि दुसऱ्या रात्रीही, अहिराणीच बोलला पाहिजे. मधेच बदललं की मुलं पकडतात आणि त्यांना ते फसवल्यासारखं वाटतं.

गच्चीवर मोबाइलची बॅटरी पुस्तकाच्या खालून किंवा समोरून धरू नका. ती तुमच्या खांद्याच्या मागून पानावर पडू द्या, म्हणजे चकाकी डोळ्यांत येणार नाही आणि तुमच्या चेहऱ्यावर भुतासारख्या सावल्याही पडणार नाहीत.

तिसरीच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवली. नंतर तात्पर्य विचारलं तर सगळे गप्प. उलट मुलांनीच विचारलं: ड्रॅगन खरा असतो का? चीनच्या चित्रातल्या ड्रॅगनला पंख का नसतात?
– शिक्षक, अमळनेर

सर, मुलं गप्प बसली याचा अर्थ गोष्ट पोचली नाही असा नाही. तात्पर्य विचारलं की गोष्टीचा धडा होतो, आणि पुढच्या वेळी मुलं गोष्ट न ऐकता उत्तर शोधत बसतात. आमचं मत स्पष्ट आहे: वाचनानंतर तात्पर्य विचारूच नका. “कोणतं पान पुन्हा बघायचं?” असं विचारा आणि ते पान उघडून गप्प राहा. बोलणं आपोआप सुरू होतं. वाचतानाही पंधरा मिनिटांत तीन-चारच प्रश्न पुरेत, तेही ज्यांचं उत्तर हो-नाहीत संपत नाही असे.

मुलांचे प्रश्न मात्र फार चांगले आहेत, त्यांची सरळ उत्तरं द्या. आग ओकणारा, उडणारा ड्रॅगन हा प्राणी पृथ्वीवर कधीच नव्हता. इंडोनेशियात कोमोडो ड्रॅगन नावाचा सरडा खरोखर आहे. तो तीन मीटरपर्यंत लांब होतो, आणि आपल्या शेताबांधावरच्या घोरपडीच्याच कुळातला आहे. त्याला पंखही नाहीत आणि तो आगही ओकत नाही.

गोष्टीतल्या ड्रॅगनची दोन मोठी घराणी आहेत. युरोपातला ड्रॅगन वटवाघळासारख्या पंखांचा, आग ओकणारा, खजिन्यावर बसणारा. जुन्या कथांत तो शत्रू असतो आणि कुणी वीर त्याला मारतो. त्याला मित्र करणाऱ्या गोष्टी बऱ्याच नंतरच्या. चीनचा ड्रॅगन सापासारखा लांब आणि चार पायांचा असतो. तो बहुधा पंखांशिवायच उडतो. पूर्वापार त्याचा संबंध पाण्याशी: नद्या, ढग, पाऊस. दुष्काळात लोक त्याच्याकडे पाऊस मागत. पाऊस लांबला की आपल्याकडे धोंडी काढतात, हे पाहिलेल्या मुलांना ही गोष्ट पटकन कळेल. आणखी जवळचा ड्रॅगन शेजारच्या भूतानच्या झेंड्यावर आहे: पिवळ्या आणि नारिंगी रंगांच्या मधोमध पांढरा, पंज्यांत रत्नं धरलेला. नकाशा आणि झेंडा शेजारी लावा, आणि पुढच्या वेळी पुस्तक उघडताना विचारा, “हा कोणत्या घराण्यातला?” मुलं पंख, पाय, शेपटी मोजून उत्तर देतील. चित्र वाचणं म्हणजे हेच.

मुलगा रोज तेच पुस्तक मागतो. नवं आणलं तर हात लावत नाही.
– एक वडील, शिरपूर

वाचा. त्यात काही बिघडत नाही, प्रत्येक वेळी त्याला चित्रात नवं काही दिसतं आणि वाक्यं पाठ होतात. आठवडाभरानंतर ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही म्हणू नका, त्याच्यासाठी सोडा. नवं पुस्तक जुन्याच्या आधी वाचा, नंतर नाही.

ग्रंथालयातल्या ड्रॅगनच्या पुस्तकांच्या पिना गंजून मधली पानं निसटली आहेत. चिकटपट्टी लावली तर ती पिवळी पडून चित्र खराब होतं.
– गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, साक्री तालुका

चिकटपट्टी बंद करा. तिचा गोंद कागदात मुरतो आणि नंतर निघत नाही. मधल्या पानावर पुस्तक उघडून पिनांचे पाय चाकूच्या पाठीनं सरळ करा आणि बाहेरून ओढून काढा. मग सगळी पानं क्रमानं लावून घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन कडेपासून दोन बोटं आत. गंजलेल्या भोकांजवळ कागद कुजलेला असतो, म्हणून नवी भोकं थोडी बाजूला घ्या. जाड सुती दोरा मेणबत्तीवर ओढून घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, आतल्या आत खालच्या भोकाकडे नेऊन तिथून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी ठेवून त्याच्यावर गाठ मारा. दोरा घडीच्या दिशेनंच ओढा. पानावर आडवा ओढलात तर भोक फाटतं.

फाटलेल्या कडेला पातळ कागदाची पट्टी मैद्याच्या खळीनं लावा. एक भाग मैदा पाच भाग पाण्यात कालवून, मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत शिजवा. कसर लागू नये म्हणून पूर्वी बांधणीवाले खळीत मोरचूद घालत. मुलांच्या पुस्तकात तो अजिबात घालू नका, विषारी असतो आणि लहान मुलं पानं तोंडात घालतात. त्याऐवजी खळ रोज ताजी करा. चकचकीत कागद ओला झाला की शेजारच्या पानाला कायमचा चिकटतो, म्हणून खळ अगदी कमी लावा आणि वाळेपर्यंत दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवून वर वजन ठेवा. उन्हाळ्यात एक रात्र पुरते, पावसाळ्यात दोन दिवस लागतात.