मुलांसाठी माहितीपर पुस्तक स्वतःच लिहायचं आणि स्वतःच चित्रंही काढायची, तर कामाची आखणी कशी करावी?

आधी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. १६ पानांचे दोन फर्मे (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं) म्हणजे ३२ पानं. पहिली तीन शीर्षक, श्रेय वगैरेत जातात. ४ ते ३१ या पानांची १४ जोडपानं खरी तुमची. एका जोडपानावर एकच कल्पना आणि ४०-६० शब्द पुरेत. कोरे कागद दुमडून, टाचून त्यावर मजकूर चिकटवा आणि पेन्सिलीने ढोबळ चित्रं काढा. पान उलटताना काय कळतं, हे संगणकाच्या पडद्यावर उमगत नाही.

रंग सर्वांत शेवटी. मजकूर आणि पेन्सिलचित्रं दोन्ही विषयतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय ब्रश उचलू नका, कारण चुका बहुधा चित्रांत लपतात. कीटकाचे सहाही पाय छातीच्या भागातून निघतात, पोटातून नव्हे. ब्लू टायगर फुलपाखराचे पुढचे दोन पाय इतके आखूड की चारच दिसतात. ब्लू मॉर्मनचे मात्र सहाही दाखवायला हवेत. अळी कोणत्या झाडावर बसवली तेही बघा: ब्लू मॉर्मनची लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, रुईवर नाही. रंगवलेलं अख्खं जोडपान पुन्हा करणं म्हणजे आठवडा गेला.

सकाळी ताज्या डोळ्यांनी आणि दिवसाच्या उजेडात रंगकाम, दुपारी वाचन-टिपणं, संध्याकाळी पत्रव्यवहार, अशी विभागणी बऱ्याचदा जमते. प्रत्येक विधानाशेजारी संदर्भाचं पान तेव्हाच नोंदवा. संपादक सहा महिन्यांनी विचारतो.

चित्र छापील आकारात ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (पान कापताना जाणारा चित्राचा जादा भाग) सोडा, आणि चेहरा किंवा डोळा शिवणीत, म्हणजे जोडपानाच्या मधल्या घडीत, येऊ देऊ नका.