रानभाजी महोत्सवाला सहकुटुंब जाताना

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतो. यंदा सासूबाई आणि ८ व १२ वर्षांची दोन मुले यांच्यासह तेथे दिवस घालवायचे आम्ही ठरवले आहे. परंतु चार पदार्थ खाऊन आणि दोन जुड्या घेऊन तासाभरात परत यावे लागते, असे शेजारी सांगतात. मुलांना काही शिकता यावे म्हणून तेथे काय पाहावे? परतताना रस्त्याकडेच्या भाज्या त्यांच्यासह खुडल्या तर चालतील का?
— एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर : शेजाऱ्यांचा अनुभव खरा असणार, कारण बहुतेक कुटुंबे थेट खाद्यपदार्थांच्या रांगेत शिरतात आणि भाज्या घेऊन बसलेल्या महिलांशी भाव विचारण्यापलीकडे बोलत नाहीत. माझ्या मते या महोत्सवाची खरी श्रीमंती त्या महिलांच्या माहितीत आहे. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा या भागांतल्या वारली, ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी घरांत कोणती भाजी कधी उगवते, तिचा कोणता भाग खायचा आणि तिचा कडूपणा किंवा खाज कशी काढायची, हे आईकडून मुलीकडे आलेले आहे. म्हणून सकाळी लवकर जावे. तेव्हा पाला ताजा असतो, गर्दी नसते आणि त्यांना बोलायला सवड असते.

मुलांना आधी करटोली दाखवा. या वेलींमध्ये नर वेगळा आणि मादी वेगळी असते, फळ फक्त मादी वेलीला धरते, आणि वेल सुकला तरी जमिनीतला कंद जिवंत राहून पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. १२ वर्षांच्या मुलाला पाठ्यपुस्तकातला धडा येथे हातात धरून पाहता येईल. मग त्यांनाच शेवळे कुठे आहेत असे विचारू द्या. शेवळे पहिल्या पावसाच्या सुमारास उगवतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये ते मिळणार नाहीत. बाजारात बारा महिने सगळे मिळते अशी सवय झालेल्या मुलांनी हा नकार ऐकणे मला फार मोलाचे वाटते. शेवळ्यांची खाज मारण्यासाठी त्यांत काकडाची आंबट फळे घालतात, भारंगीचा पाला उकळून त्याचे कडू पाणी टाकून देतात, बांबूचे कोंब भिजवून, उकडून आणि पाणी बदलूनच खातात. असे बारकावे तुमच्या सासूबाई अधिक नेमके विचारतील, तेव्हा त्यांना पुढे बसू द्यावे आणि मुलांनी वहीत लिहून घ्यावे.

खरेदी थोडीच करावी. ज्या भाजीची कृती नीट समजली, तीच घ्यावी, आणि पहिल्यांदा खाताना घासभरच खावी. त्याचबरोबर भाजी खुडून आणली की मुळासकट उपटून, हेही विचारावे. कुर्डूचे किंवा भारंगीचे कोवळे शेंडे खुडले तर झाड पुन्हा फुटते. फोडशी मुळासकट उपटली तर त्या जागी पुढच्या वर्षी ती येईलच असे नाही. शहरातली मागणी वाढत असताना हा प्रश्न ग्राहकाने विचारलाच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. खुडलेल्या जुडीसाठी दोन पैसे जास्त मोजावे लागले तरी घासाघीस करू नये, कारण त्या जुडीमागे पावसातली पहाटेची पायपीट असते. कापडी पिशव्या आणि घरचे डबे सोबत न्यावेत.

गावरान बियाणे विकणारे कोणी असेल तर तेथे अवश्य थांबावे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ही हकिकत मुलांना तेथेच सांगावी आणि गॅलरीतल्या कुंडीसाठी घेवड्याचे चार दाणे त्यांनाच निवडू द्यावेत.

रस्त्याकडेच्या भाज्या मात्र खुडू नयेत. तेथे वाहनांचा धूर आणि धूळ बसलेली असते, तणनाशकही मारलेले असू शकते. त्याहून मोठा धोका ओळख चुकण्याचा आहे. पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांनी मुलांना खुणावणारी कळलावी सर्वांगाने विषारी आहे आणि तिचा कंद तर जीवघेणा ठरू शकतो. चित्र पाहून किंवा मोबाईलवरच्या ॲपवर विसंबून कोणतीही रानवनस्पती खाण्यासाठी तोडू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तर ते कायद्यानेही वर्ज्य आहे. मुलांना भाजी उगवलेली पाहायचीच असेल, तर महोत्सवातल्या एखाद्या महिलेला तिच्या गावी यायचे का असे विचारावे, आणि तिने होकार दिला तर तिच्या वेळेचा मोबदला आधी ठरवून, तिच्याच सोबत माळावर जावे.