डोंगरात पायवाट फुकट, मग खाली पार्किंगचे पैसे कशाचे?

तुमचा प्रश्न असा: "इंग्लंडमध्ये डोंगरात चालायला कुणी फी घेत नाही, पण पायथ्याशी गाडी लावायला सात-आठ पौंड मागतात. कौन्सिल टॅक्स आपण भरतोच, मग हे पैसे जातात कुठे? आणि गाडी रस्त्याच्या कडेला लावली तर काय बिघडलं?"

शेवटचं वाक्य वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले. हे वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी चार वर्षं आमच्या भाऊजींकडून ऐकते आहे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. माणूस दिलदार आहे. हॉटेलात बिल आलं की दुसऱ्याचा हात पोचायच्या आत ते उचलणार. पण पार्किंगचं मशिन दिसलं की त्यांचं काहीतरी होतं.

मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. महिन्यातला एक रविवार मी डोंगरातल्या पायवाटांच्या डागडुजीला जाते. स्वयंसेवक म्हणून, पैसे मिळत नाहीत, डबाही आपलाच.

पायवाट ही डोंगराबरोबर आपोआप आलेली वस्तू आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी नोव्हेंबरात एकदा आमच्याबरोबर चर उपसायला यावं. आधी बुटांनी गवत जातं. गवत गेलं की माती उघडी पडते, आणि त्या मातीवरून पाण्याला एकदा उतार सापडला की दोन-चार हिवाळ्यांत पायवाटेची घळ होते. घळीत चिखल, म्हणून लोक कडेने चालतात. मग कडेचंही गवत जातं. बघता बघता दोन माणसं जाऊ शकतील एवढ्या वाटेचा ट्रकच्या रुंदीचा राडा होतो, आणि समोरच्या डोंगरावरूनसुद्धा तो जखमेसारखा दिसतो. पीटच्या पठारांवर तर विचारूच नका. काळी, ओली, स्पंजासारखी जमीन, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. 1965 साली सुरू झालेल्या पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेचं काही ठिकाणी हेच झालं होतं. शेवटी उत्तर इंग्लंडमधल्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतल्या दगडी फरशा उचलून, हेलिकॉप्टरने वर नेऊन अंथरल्या. त्यातल्या काहींना अजून बोल्टची भोकं दिसतात. मी तिथून जाताना दरवेळी एखादं तरी शोधते.

तर आमचं निम्मं काम म्हणजे चर मोकळे करणं. फावड्याने खडी आणि काळा गाळ काढायचा, पाणी वाटेवरून बाजूला जातंय ना बघायचं, पुढे जायचं. एकदा त्यात लहान मुलाचा एक मोजा निघाला, आणि केळ्याची सालं तर नेहमीचीच. दुसरं काम दगडी पिचिंगचं. हा शब्द मला नवा नव्हता. वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे पिचिंग, भराव, सांडवा हे घरच्या जेवणातले शब्द. पण ऐकणं वेगळं आणि पहार हातात घेणं वेगळं. नवखा माणूस छान सपाट दगड निवडतो आणि फरशीसारखा आडवा ठेवतो. तो पहिल्या हिवाळ्यात निघतो. दगड हवा लांबोडका. त्याचं लांब अंग दाढेच्या मुळासारखं जमिनीत जातं, आणि वर दिसतो तो फक्त माथा, बुटाएवढा. खड्डा करायचा, दगड उभा सोडायचा, फिरवत फिरवत शेजारच्याला भिडवायचा, सांध्यात बारक्या दगडांच्या पाचरी ठोकायच्या. मग त्यावर उभं राहून डुलायचं. जरा जरी हलला तरी बाहेर काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. माझा पहिला दगड चारदा बाहेर आला. चौथ्या वेळी आमचा रेंजर काही बोलला नाही, नुसता पहार माझ्या हातात देऊन बाजूला झाला. त्या दिवशी चौघांची मिळून जेमतेम तीन मीटर वाट झाली. दगडही जागेवरचे नव्हते, हेलिकॉप्टरने टनाटनाच्या पिशव्यांतून आणून टाकलेले.

आणि एवढं झाल्यावर लोक त्या पिचिंगच्या शेजारून, गवतावरून चालतात. गुडघ्यांना बरं पडतं म्हणे! (वाटेच्या कडेला मध्येच मोठमोठे दगड विखुरलेले दिसतात ना, ते निसर्गाने नाही टाकलेले. तुम्ही गवतावर उतरू नये म्हणून आम्ही टाकलेत.)

याला भाऊजी "हमाली" म्हणतात. "वहिनी, तुम्ही गोऱ्यांच्या डोंगरावर फुकट हमाली करता, आणि वर आम्हाला पार्किंगचे पैसे भरायला लावता." हे माझ्याच घरी, बारा माणसांत, मीच वाढलेल्या ताटावर बसून. सगळे हसले, आमचे हेसुद्धा. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं असं नाही, पण हातात भाताचं पातेलं होतं.

आता कडेला गाडी लावली तर काय बिघडतं, त्याची गोष्ट. चार वर्षांपूर्वीचा ऑगस्ट बँक हॉलिडे, म्हणजे इथली सार्वजनिक सुट्टी, पीक डिस्ट्रिक्ट. आम्ही दोन गाड्यांनी निघालो. आम्ही लवकर पोचून रीतसर पैसे भरून गाडी लावली. भाऊजी उशिरा आले, मशिन बघितलं, गाडी वळवली आणि दहा मिनिटांनी फोन: "वर मस्त जागा मिळाली, फुकट!" मस्त जागा म्हणजे अरुंद घाटरस्त्याचं वळण. दोन चाकं गवतावर, दोन डांबरावर, खाली दुहेरी पिवळी रेघ, म्हणजे गाडी लावायला मनाई. त्यांच्या मागे बघून अजून सहा-सात जणांनी तशाच लावल्या. एकाने लावली की रांग लागते, हे तर तुम्हालाही माहीत असेल.

आम्ही वर जाऊन, धुकं बघून, सँडविच खाऊन तीनच्या सुमाराला उतरलो. वळणावर बस अडकली होती. पुढे जाता येईना, मागे गाड्यांची रांग. ड्रायव्हर इंजिन बंद करून बसच्या पायरीवर थर्मासमधला चहा पीत बसला होता. काचेतून पंधरा-वीस माणसं आमच्याकडे बघत होती, त्यांत काठी घेतलेल्या दोन म्हाताऱ्या. एक शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "चाळीस मिनिटं झाली." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. इथे डोंगरात कुणाचा पाय मोडला तर धावून येणारं बचाव पथकही स्वयंसेवकांचंच असतं, आणि त्यांची गाडी याच रस्त्याने येते. त्या दिवशी त्यांना यावं लागलं नाही, एवढंच नशीब.

काचेवर दंडाच्या नोटिशीची पिवळी पिशवी होतीच. दंड 70 पौंड, 14 दिवसांत भरला तर निम्मा. भाऊजींनी भरला नाही, अपील केलं. मुद्दा काय, तर रेघ डांबरावर आहे आणि गाडी निम्मी गवतावर होती. अपील फेटाळलं. दुहेरी पिवळी रेघ डांबरापुरती नसते, कडेचा गवताचा पट्टा रस्त्याच्या हद्दीत असेल तर त्यालाही लागू असते. म्हणजे सात पौंड वाचवायला गेले आणि 35 वर सुटता आलं असतं ते 70 ला पडलं. आणि घरी आल्यावर काय म्हणाले? "बघितलंत वहिनी, कशी लूट आहे!"

असो. तुमचा प्रश्न पैसे कुठे जातात हा आहे.

ते वाहनतळ कुणाचं आहे त्यावर आहे, आणि हे मशिनवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. नॅशनल ट्रस्टचं असेल तर पैसे ट्रस्टला. ही 1895 साली स्थापन झालेली धर्मादाय संस्था आहे, सरकारी खातं नाही. लेक डिस्ट्रिक्टमध्ये 'फिक्स द फेल्स' नावाने ट्रस्ट, नॅशनल पार्क आणि इतर संस्था मिळून डोंगरातल्या तीनशेहून जास्त वाटा सांभाळतात, तेही मोठ्या प्रमाणात देणग्या आणि स्वयंसेवकांवर. वाहनतळ पार्कच्या प्राधिकरणाचं असेल तर पैसे त्यांना. आणि नाव नॅशनल पार्क असलं तरी इथली बहुतेक जमीन पार्कच्या मालकीची नसते, शेतकऱ्यांची, ट्रस्टची, पाणी कंपन्यांची असते. प्रवेशाला तिकीट नाही, दारही नाही. मग पैसे घ्यायचे कुठे? जिथे गाडी थांबते तिथेच घेता येतात. एखाद्या शेताच्या फाटकाशी नुसता डबा टांगलेला दिसला तर ते पैसे शेतकऱ्याचे. तो डबा चुकवू नका, बाकी काही चुकवलंत तरी.

कौन्सिल टॅक्सचं म्हणाल तर त्यातून काही जातं, हे खरं. इंग्लंड-वेल्समध्ये नकाशावर नोंदवलेल्या सार्वजनिक पायवाटांचा पृष्ठभाग सांभाळणं 1980 च्या हायवेज कायद्याने स्थानिक प्रशासनाचं, म्हणजे कौन्सिलचं, काम आहे. फाटकं आणि कुंपण ओलांडायच्या पायऱ्या जमीनमालकाच्या, पण खर्चाचा किमान चौथा हिस्सा तो प्रशासनाकडून मागू शकतो. शेतातून जाणारी वाट नांगरली तर ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायचं बंधन शेतकऱ्यावर आहे. पण डोंगरमाथ्यावरच्या कितीतरी वाटा या नोंदीत नाहीतच. त्या 2000 च्या कायद्याने मोकळ्या झालेल्या जमिनीवर लोकांच्या पायांनी पडलेल्या आहेत. तिथे चालायचा हक्क तुम्हाला आहे, वाट बांधून द्यायचं बंधन मात्र कुणावर नाही. आमची हमाली बरीचशी तिथे चालते.

भाऊजींचा आणखी एक लाडका मुद्दा: "1932 साली किंडर स्काउटवर लोक घुसले, पाच जण तुरुंगात गेले, ते काय पार्किंगचे पैसे भरायला?" इतिहास बरोबर आहे. पीक डिस्ट्रिक्टमधला हा डोंगर तेव्हा खाजगी होता, लोकांना तिथे चालायला बंदी होती. पण ती मँचेस्टर-शेफिल्डकडची कामगार पोरं होती, त्यांच्याकडे गाड्या कुठल्या असायला! त्यांनी भांडून मिळवला तो चालायचा हक्क. त्यात हॅचबॅक कुठून आली?

मात्र भाऊजींच्या बाजूचंही लिहायला हवं, नाहीतर हे उत्तर त्यांना कुणीतरी पाठवणारच आहे. कौन्सिलच्या वाहनतळाचे पैसे त्याच डोंगरावर खर्च होतील असं नाही. रस्त्यावरच्या पार्किंगचा नफा ठरावीक कामांनाच वापरायचं कायद्याचं बंधन आहे, रस्त्याबाहेरच्या वाहनतळाला ते नाही. तिथे "आमचे पैसे कुठे गेले" हा प्रश्न रास्त आहे आणि तो कौन्सिलला लेखी विचारावा. दुसरं म्हणजे बस. रविवारी दोन तासांनी एक, ती पण साडेचारला शेवटची, अशी सेवा असेल तर "गाडी आणू नका" म्हणणं सोपं नाही. यर विद्‌वाच्या (वेल्समधला सगळ्यात उंच डोंगर, इंग्रजीत स्नोडन) पायथ्याशी, पेन-इ-पासला, मोसमात वाहनतळ आधी बुक करावं लागतं, पण तिथे निदान 'शेर्पा' नावाच्या बसेस आहेत. आणि ज्या घरात आठवड्याचा हिशोब पेन्सपर्यंत जुळवावा लागतो, तिथे आठ पौंड म्हणजे सहल रद्द होण्याचं कारण असू शकतं. हे मला आमच्यातल्याच एका स्वयंसेवक बाईने ऐकवलं, आणि माझा आवाज जरा खाली आला. भाऊजी त्या घरांपैकी नाहीत, एवढंच.

महिन्यातून एकदा तरी जात असाल तर ट्रस्टचं सभासदत्व घ्या, त्यांच्या बहुतेक वाहनतळांवर मग पैसे नाहीत. पण ते कार्ड कौन्सिलच्या किंवा पार्कच्या मशिनवर चालत नाही, यात पुष्कळ जण फसतात. खिशात नाणी ठेवा, दरीत ॲपला रेंज मिळेलच असं नाही. दहाच्या आत पोचा. आणि स्कॉटलंडला जाणार असाल तर वरचं कायद्याचं सगळं विसरा, तिथे 2003 चा वेगळा कायदा आहे.

मागच्या महिन्यात भाऊजींचा मेसेज आला. सोबत पार्किंगच्या पावतीचा फोटो आणि त्याखाली चिखलाने भरलेल्या बुटांचा. "वहिनी, पैसे भरले. वाटेत गुडघाभर चिखल आहे. तुमची माणसं कुठे आहेत?" मी विचारलं, कुठली वाट? तर शेतातली निघाली. ती कौन्सिलची.