पोटात जाणारी कॅमेऱ्याची कॅप्सूल

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. वर्षभरात त्यांचे हिमोग्लोबिन दोनदा ७ पर्यंत उतरले. एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी या दोन्हींत काहीच सापडले नाही. डॉक्टरांनी आता कॅमेऱ्याची कॅप्सूल सुचवली आहे. पण ती आत अडकेल या धास्तीने त्या तयार होत नाहीत. आम्लता मोजणारी सेन्सरची कॅप्सूल त्याऐवजी चालेल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तोंडावाटे घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत आणि गुदमार्गाने घातलेली त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जाते. मधले कित्येक फूट आतडे दोन्हींच्या आवाक्याबाहेर राहते आणि आपल्या सासूबाईंच्या बाबतीत रक्तस्राव तेथेच शोधायला हवा. २००१ पासून वापरात असलेली ही कॅप्सूल साधारण ११ मिलिमीटर रुंद व २६ मिलिमीटर लांब, म्हणजे आपल्याकडच्या सोनाका द्राक्षाच्या मण्याएवढी असते. सेकंदाला दोन या वेगाने ती आठ तासांत पन्नास हजारांहून अधिक छायाचित्रे कमरेच्या पट्ट्यावरील रेकॉर्डरकडे पाठवते.

सेन्सरची कॅप्सूल आम्लता, दाब आणि तापमान मोजते. जठरातून पुढे सरकताच आम्लता एकदम घटते आणि त्यावरून अन्न कोठे किती वेळ रेंगाळते हे समजते. मात्र तिला कॅमेरा नसल्याने रक्तस्रावाची जागा दिसणार नाही. आकार जवळपास तेवढाच असल्यामुळे अडकण्याची भीतीही तिच्याने टळत नाही.

ती भीती अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. रक्तस्रावासाठी तपासलेल्या शंभर रुग्णांपैकी एखाद्या-दोघांत कॅप्सूल अडकते, आणि तीही बहुधा आतडे आधीच अरुंद झालेले असेल तेथे. आतड्याचा क्षयरोग, क्रोन्स आजार (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा विकार), पोटाची जुनी शस्त्रक्रिया किंवा वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे असे होते. म्हणून सासूबाईंचा औषधांचा डबाच डॉक्टरांपुढे ठेवावा. गुडघेदुखीच्या गोळ्यांचा उल्लेख घरचे हमखास विसरतात आणि कधी कधी रक्तस्रावाचे मूळही त्यांतच असते. अरुंदपणाची शंका आल्यास आधी सीटी स्कॅन करतात किंवा आपोआप विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात.

लोहाच्या गोळ्यांनी आतड्याचा आतला भाग काळपट दिसतो, त्यामुळे त्या काही दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्यात. कॅप्सूल शौचावाटे बाहेर पडते, ती परत द्यावी लागत नाही. दोन आठवड्यांत ती पडलेली दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे काढावा, आणि ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये.