राज्यघटना पहिल्यांदाच वाचतोयस? मग एवढं बघ

अरे, सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली की पोरं पहिल्याच आठवड्यात कलमं पाठ करत सुटतात, तू ते आत्ता नको करूस. आधी कायदा कोण करतं, राबवतं कोण आणि तो घटनेत बसतो का हे तपासतं कोण, एवढं डोक्यात पक्कं बसव, बाकी आपोआप लागतं.

सुरुवातीला हमखास होणारे घोळ:

- संसद म्हणजे नुसती दोन सभागृहं नाहीत, राष्ट्रपतीपण त्यात येतात.
- मूलभूत हक्क मोडला तर कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं, मार्गदर्शक तत्त्वं (सरकारने धोरणं कोणत्या दिशेने आखावीत हे सांगणारी कलमं) मात्र कोर्टातून अंमलात आणून घेता येत नाहीत. हा फरक नीट वेळ देऊन समजून घे, अर्धे लोक इथेच अडकतात.
- जुन्या नोट्स झेरॉक्स करू नकोस, त्यात मालमत्तेचा हक्क अजून मूलभूत दिसेल, तो १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने त्या यादीतून गेला.

आणि आपल्या महापालिकेचंच बघ ना, महापौर निवडून आलेले पण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आणि आयुक्तांना नेमतं राज्य सरकार! पेपरात पालिकेची बातमी आली की निर्णय नक्की कोणाचा ते शोधत जा.

केशवानंद भारती खटला (संसद घटना कुठपर्यंत बदलू शकते यावरचा) वगैरे दोन महिन्यांनी बघू.