वैशाखाचं आकाश पाहायला सुरुवात करताना

दुर्बीण घ्यायची घाई करू नकोस. पहिला वैशाख नुसत्या डोळ्यांनी पाहा.

रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी शोध. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अंधुक अरुंधती. शेपटीचा बाक तसाच पुढे ने, नारिंगी स्वाती लागेल, आणखी पुढे पांढरीशुभ्र चित्रा. चित्रेच्या पूर्वेला विशाखा. तिचे तारे मंद आहेत, शहरात कदाचित दिसणारही नाहीत, तरी महिन्याला नाव तिचंच, कारण पौर्णिमेचा चंद्र तिच्या आसपास असतो. त्या सुमारास सूर्य समोरच्या बाजूला, कृत्तिकांपाशी. म्हणून कृत्तिका तेव्हा शोधत बसू नकोस. विशाखेची देवता इंद्र आणि अग्नी, जोडीनं. पाऊस देणारा आणि जाळणारा एकाच नक्षत्रात, हे मला फार आवडतं.

पंचांग जवळ ठेव. अक्षय्यतृतीयेची कोर, शुद्ध चतुर्दशीची नृसिंह जयंती, दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा: तिथी वाचायची आणि चंद्र बघायचा. नृसिंह संध्याकाळी प्रकटला, तेव्हा त्या दिवशी मावळतीलाच पूर्वेकडे बघ, जवळजवळ पूर्ण चंद्र वर आलेला असेल.

आणि शून्य सावलीचा दिवस चुकवू नकोस: भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. कोल्हापूरला साधारण ६ मे, पुण्याला १३, मुंबईला १५-१६, नागपूरला २६ च्या आसपास. सपाट जागी काठी ओळंब्यानं सरळ उभी कर आणि साडेबाराच्या आधीपासूनच थांब. नागपुरात तर बाराच्याही आधी.