नऊ वर्षांचा मुलगा मोबाइल काढून घेतला की आदळआपट करतो. मनावर परिणाम होऊ नये म्हणून दिवसाला किती वेळ द्यावा?

आकडाच हवा असेल तर तो आधी देऊन टाकते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. तिच्या मते दोन वर्षांच्या आत नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडला तर काहीच नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत फार तर एक तास आणि पाच ते दहापर्यंत दोन तासांच्या आत. म्हणजे तुमच्या मुलाला दोन तासांपेक्षा कमी. संपलं उत्तर.

पण हाच आकडा मी वर्षभर फ्रिजवर चिकटवून ठेवला होता आणि त्यानं आमच्या घरात भांडणांशिवाय काही वाढलं नाही. म्हणून पुढचं लिहिते.

माझा मुलगा आता सहावीत आहे. चौथीत असताना तो तुमच्या मुलासारखाच होता. शाळेतून आला की दप्तर दारात, बूट पायात तसेच, आणि हातात आजीचा मोबाइल. मी ओट्यापाशी टायमर लावून ठेवायची आणि वाजला की कणकेच्या हातानं फोन ओढून घ्यायची. एकदा त्या ओढाओढीत फोन फरशीवर पडला, काच तडकली. पोरगं अर्धा तास हमसून हमसून रडत होतं. फोन आजीचा, काच आजीच्या पैशानं बसणार, आणि रडतोय हा. मी नवऱ्याला म्हटलं, याला व्यसन लागलंय.

त्याच सुमारास त्याचं पोट दुखायला लागलं. सोमवारी सकाळी हमखास. ताप नाही, उलटी नाही, शनिवार-रविवार ठणठणीत. आमच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मला बाहेर बसायला सांगितलं आणि दहा मिनिटं त्याच्याशी एकटेच बोलले. तेव्हा कळलं. तो थोडा अडखळत बोलतो. शाळेच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवरची दोन मोठी मुलं त्याची नक्कल करायची, जाताना आणि येतानाही. तो जो गेम खेळत होता त्यात बोलावं लागत नव्हतं. एवढंच कारण होतं. मी इकडे मिनिटं मोजत बसले होते.

व्हॅन बंद केली. वर्षअखेरपर्यंत नवऱ्यानं स्कूटरवर नेलं-आणलं, जोडीला वाचा-उपचार सुरू केले. मोबाइल सुटला नाही, पण त्यावरची ती झडप सुटली. प्रत्येक घरात असं काही दडलेलं असेलच असं नाही. तरी मुलगा किती वेळ बघतो याच्या आधी तो काय सोडून बघतो आणि कशापासून लांब पळायला बघतो, हे एकदा तपासा. त्याला एकट्याला गाठून, आणि फोन हातात नसताना.

अभ्यासकांचं म्हणणंही नुसत्या तासांवर थांबत नाही. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. एक मूल खुशीत आणि दुसरं उदास, हा जो फरक असतो त्यातला फार तर ०.४ टक्के वाटा डिजिटल वापराशी जोडता आला. सरासरीचा आकडा आहे हा, तो दाखवून कुणी पोराच्या हातात रात्री फोन देऊ नये. विशेषतः रात्री. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, आणि ती तुटली की दुसऱ्या दिवशीची चिडचिड आपण ‘मोबाइलमुळे बिघडला’ या खात्यावर टाकतो. आमच्याकडे साडेनऊला सगळ्यांचे फोन हॉलमधल्या एकाच चार्जिंग पॉइंटपाशी. सगळ्यांचे म्हणजे माझाही.

आदळआपटीबद्दल. खेळ ऐन रंगात असताना फोन हिसकावणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं. ‘वीस मिनिटं’ असं सांगण्यापेक्षा ‘ही एक मॅच’ किंवा ‘हा एक भाग’ असं सांगा आणि तेवढा संपू द्या. यूट्यूबचा ऑटोप्ले आधी बंद करा. तो चालू असला की ‘संपलं’ असं मुळी येतच नाही. छोट्या व्हिडिओंची ती न संपणारी माळ तर आम्ही पूर्णच बंद केली, कारण तिथे मला स्वतःलाही थांबता येत नाही.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं. तिथल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. बातम्यांत मुलांचाच अभ्यास गाजला. मला त्यातली खरी गंमत वाटली ती ही की सातची मालिकाही बंद होणार होती, म्हणजे मोठ्यांनाही झळ बसणार होती. माझ्या आईनं ऐकलं तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला, ‘मग मालिका कधी बघायची?’

व्यसन हा शब्द मात्र घरात वापरू नका, मी वापरला आणि पस्तावले. गेमिंगचा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, पण त्याच्या निदानासाठी साधारण बारा महिने टिकलेला आणि शाळा, घर, मित्र सगळं विस्कटून टाकणारा वापर बघतात. फोन घेतल्यावर पाय आपटणं त्यात बसत नाही. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, आवडत्या मित्रालाही टाळायला लागलं किंवा ‘मी नसलेलोच बरं’ असलं काही बोललं तर मात्र थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिकच आहे.

आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. परवाच साडेनऊनंतर भांडण झालं. क्रिकेटच्या हायलाइट्सवरून. फोन चादरीखाली सापडला, पण तो मुलाच्या नाही, बापाच्या. पकडला मुलानंच.